पाठीवरचा आकडा

बोट पावणेनऊला सुटते असं पाटीवर लिहिलंय.
सुटते सव्वानऊला.
तोवर मी गुडघाभर पाण्यात उभा,
एकेकाचा हात धरून वर चढवतो :
चपला हातात घ्या, नातवाला आधी द्या, सावकाश.
इंजिन दोनदा खोकतं, तिसऱ्यांदा ऐकतं.
सुकाणूवर खमीस. तो बोलत नाही.
समुद्र त्याच्याकडे, बडबड माझ्याकडे,
ही आमची बारा वर्षांची वाटणी.

मागे झांजिबारचं पांढरं शहर बसकं होत जातं.
आधी भोंगे सुटतात, मग माणसं,
लवंगांचा वास कपड्यांत अडकून थोडं पुढे येतो.
डावीकडे पाहा, मी म्हणतो, प्रवाळ.
सगळे उजवीकडे पाहतात, तिथे कुणाची तरी टोपी उडालीय.

चांगू बेट. लाकडी धक्का. पायऱ्या निसरड्या.
हा तुरुंग, मी सांगतो,
बांधला खरा, पण यात एकही कैदी राहिला नाही.
इथे लोक हसतात. रोज हसतात.
मी हसू ओसरू देतो, मग सांगतो
की त्याच्या आधी ज्यांना इथे आणून ठेवत
त्यांच्यासाठी भिंती बांधाव्या लागल्या नव्हत्या.
विकायची माणसं. पाणी पुरेसं होतं चहूबाजूंनी.
मग साथीचे दिवस आले, जहाजांवरून उतरवलेले लोक
ताप जाईपर्यंत इथे थांबत,
काहींचा ताप गेला नाही.
कुणीतरी विचारतं, चहा कुठे मिळेल?
मिळेल, मी म्हणतो. त्या खिडकीत.

आणि मग कासवं.
दगड हलावा तशी हलतात.
मानेखाली खाजवलं की चारी पायांवर उभी राहतात,
डोळे मिटतात, एखाद्या आजोबाला
खूप दिवसांनी कुणी नावानं हाक मारावी तशी.
माठाची जुडी पुढे धरा, बोटं मागे ठेवा.
प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या रंगात वय :
नव्वद, एकशे वीस, एकशे चोपन्न.

पेम्बाहून आलेल्या शाळेतली एक मुलगी,
झुवेना, बुटाची नाडी सुटलेली,
एकशे चोपन्नपाशी अडून बसली.
गेल्या वर्षी माझा भाऊ आला होता, म्हणाली,
त्याच्या फोटोतही एकशे चोपन्नच आहे.
हा वाढत नाही का?

बारा वर्षांत मी हजार उत्तरं पाठ केलीत.
हे त्यांत नव्हतं.
दर जानेवारीत म्हातारा उस्सी यायचा,
बोटीच्या रंगाचा डबा, केस झडलेला ब्रश,
मांडी घालून एकेक आकडा पुढे सरकवायचा.
अक्षरं येत नव्हती त्याला. आकडे यायचे.
गेल्या रमझानात तो गेला,
आणि त्या जानेवारीनंतर
बेटावर कुणाचाच वाढदिवस झाला नाही.

हे मी तिला सांगितलं का? नाही.
म्हणालो, कासवं हळू मोजतात.
तिला पटलं नाही. लहान मुलांना असलं पटत नाही.
तिनं बाटलीचं झाकण काढलं,
बोट बुडवलं, आणि चारावर
पाण्यानं पाच काढला, नीट, पोट फुगलेला.
कवच तापलेलं होतं.
बाईंनी शिट्टी मारेपर्यंत पाच वाळून गेला,
खालून पुन्हा चार.
कासव माठाचा देठ चावत राहिलं.

परतीला वारा समोरून.
मी माणसं मोजत होतो : तेवीस, चोवीस, एक कमी.
पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी.
तेवढ्यात मागून खमीस बोलला.
इंजिनाच्या आवाजात मला आधी वाटलं, इंजिनच.
माझा मामा होता तो, म्हणाला.
डबा माझ्याकडेच आहे. झाकण बसलंय घट्ट.

सुकाणू गुडघ्यांत धरून
बाकाखालून त्यानं गंजका डबा ओढला,
मासे साफ करायच्या सुरीचं टोक
झाकणाच्या कडेनं फिरवू लागला,
एकदा, दोनदा,
बोट जरा तिरकी गेली, कुणीतरी ओरडलं.
उघडलं की नाही, मी पाहिलं नाही.
मी तिसऱ्यांदा मोजत होतो.